बांसरीचा गुरु क्वांट्स

जत्रेंतून मोठ्या हौसेनें आणलेली बांसरी घरांतल्या कोनाड्यांत धूळ खात पडलेली आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिची कथा बहुधा एकच असते. विकणाऱ्याच्या ओंठांवर ती गोड बोलत होती. मुलानें ती आपल्या ओंठांस लावली आणि नुसती हवा फुसफुसली. दुसऱ्या दिवशीं किंचाळल्यासारखा एखादा सूर निघाला, तिसऱ्या दिवशीं डोकें गरगरलें, घरांतील वडील माणसें कंटाळलीं, आणि आठवडा संपतो न संपतो तोंच बांसरी कोनाड्यांत गेली. श्रीकृष्णाच्या मुरलीच्या कथा लहानपणापासून ऐकत आल्यामुळें हें वाद्य दैवी देणगीनेंच वाजतें, अभ्यासानें नव्हे, अशीहि एक समजूत आपल्यांत रूढ आहे. ही समजूत किती चुकीची आहे हें ज्याच्या चरित्रावरून स्पष्ट दिसून येतें, अशा एका पुरुषाची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांस करून द्यावी असें आम्हांस वाटतें. त्याचें नांव योहान योआखिम क्वांट्स. बांसरीवादक, बांसऱ्या घडविणारा कारागीर, संगीतरचनाकार आणि गुरु या चारहि नात्यांनीं अठराव्या शतकांत त्याचें नांव युरोपभर गाजलें. आणि मौजेची गोष्ट ही कीं, वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत हें वाद्य त्याचें नव्हतेंच.

क्वांट्सचा जन्म जर्मनींतील हानोव्हर प्रांतांत ओबरशेडेन नांवाच्या खेड्यांत ता. ३० जानेवारी १६९७ रोजीं झाला. बाप गांवचा लोहार होता. मुलगा पांच वर्षांचा असतांनाच आई वारली. नवव्या वर्षाच्या सुमारास बापानें त्यास भात्यापाशीं व ऐरणीपाशीं उभें केलें. तथापि मुलाचा ओढा निराळीकडेच होता. थोरला भाऊ गांवच्या सणासमारंभांत वाद्य वाजवीत असे. त्याच्याबरोबर हा आठ वर्षांचा पोर मोठें खर्जाचें तंतुवाद्य घेऊन जाई, आणि सुरलिपीचें एक अक्षरहि ओळखीचें नसतां नुसत्या कानाच्या आधारावर साथ करी.

इ. स. १७०७ मध्यें बापहि मरणशय्येवर पडला. मुलानें लोहारकी सोडूं नये अशी त्याची शेवटची इच्छा होती. त्याच्या पश्चात् दोघे चुलते पोरक्या मुलास आश्रय देण्यास पुढें आले. एक शिंपीकाम करणारा होता. दुसरा मेर्सेबुर्ग शहराच्या चाकरींतील वादक होता. कोणाकडे जावयाचें हें मुलावरच सोंपविण्यांत आलें. एकीकडे मरणाऱ्या बापाचा शब्द आणि पोट भरण्याची खात्री, दुसरीकडे मनाची ओढ, असा तो प्रसंग होता. दहा वर्षांच्या त्या मुलानें वादक चुलत्याचा हात धरला. पुढें त्यास यश आलें म्हणून आज आपण त्या निवडीचें कौतुक करतों. परंतु त्या दिवशीं त्याच्यापाशीं यशाची कसलीहि हमी नव्हती, हें विसरतां कामा नये.

दैव एवढ्यावर थांबलें नाहीं. मेर्सेबुर्गास येऊन अवघे तीन महिने होतात न होतात तोंच तो चुलताहि वारला. त्याच्या जागीं फ्लाइशहाक नांवाचा वादक आला व त्याच्या हाताखालीं क्वांट्सची उमेदवारी सुरू झाली. त्या काळच्या जर्मन शहरांत पगारी वादकांची एक टोळी असे. लग्नकार्यांत, मेजवान्यांत, प्रार्थनामंदिरांत, जेथें जेथें वाद्यांची गरज पडे तेथें तेथें या टोळीनें हजर व्हावें असा शिरस्ता होता. त्यामुळें उमेदवारास एक वाद्य येऊन भागत नसे. क्वांट्स प्रथम व्हायोलिन शिकला. मग ओबो, म्हणजे आपल्या सनईच्या जातीचें दुहेरी पातीचें वाद्य. मग तुतारी, शिंग, आणि खर्जाचीं निरनिराळीं तंतुवाद्यें. अलगुजासारखी उभी धरून वाजविण्याची बांसरीहि त्यांत होती. मात्र जी आडवी धरून वाजवितात ती बांसरी या लांबलचक यादींत नव्हती. अनेक वाद्यांवर हात फिरविणारा बहुधा कोणत्याच वाद्याचा धनी होत नाहीं, असें आपण म्हणतों. क्वांट्सच्या बाबतींत मात्र या फिरतीनें एक मोठा लाभ करून दिला. प्रत्येक नव्या वाद्यापुढें अडाणी होऊन बसणें आणि पहिल्या धड्यापासून आरंभ करणें, याची लाज त्याच्या मनांतून कायमची निघून गेली.

इ. स. १७१६ मध्यें तो ड्रेस्डेन येथील नगरवादकांच्या टोळींत दाखल झाला. ड्रेस्डेन ही सॅक्सनीची राजधानी. तेथील राजदरबारचा वाद्यवृंद सर्व युरोपांत नांवाजलेला होता. तें वादन कानीं पडतांच लिहिलेले सूर बिनचूक काढणें म्हणजे संगीत नव्हे, हें त्या तरुणास उमगलें. पुढल्याच वर्षीं व्हिएन्ना येथें जाऊन त्यानें झेलेंका या रचनाकारापाशीं स्वररचनेचे धडे घेतले. इ. स. १७१८ मध्यें सॅक्सनीचा राजा ऑगस्टस, जो पोलंडचाहि राजा होता, त्याच्या पोलिश वाद्यवृंदांत क्वांट्सला ओबोवादकाची जागा मिळाली. लोहाराचा पोरका मुलगा एकविसाव्या वर्षीं राजाचा चाकर झाला. दुसरा कोणी असता तर येथेंच स्वस्थ बसला असता.

परंतु क्वांट्सची दृष्टि चौकस होती. वृंदांत ओबो वाजविणारे जुने व वयानें वडील लोक होते. त्यांना ओलांडून पहिली जागा मिळण्याची आशा नव्हती. उलट आडव्या बांसरीची पहिली जागा ज्याच्याकडे होती, त्या गृहस्थास तिची फारशी आवड नव्हती व ती दुसऱ्यास देण्यास तो आनंदानें तयार होता. क्वांट्सनें आपला बेत ठरविला. इ. स. १७१९ मध्यें, बाविसाव्या वर्षीं, त्यानें हातची विद्या बाजूस ठेवून आडवी बांसरी ओंठांस लावली. दरबारांतील प्रसिद्ध फ्रेंच बांसरीवादक बुफार्दें याच्यापाशीं तो चार महिने शिकला. जलद लयीचें वादन हा बुफार्देंचा हातखंडा असल्यामुळें त्या शिकवणीचा सारा भर जलद चिजांवरच होता. संथ लयींत सूर कसा भरावा, त्यांत भाव कसा ओतावा, हें क्वांट्सनें दरबारांतील थोर व्हायोलिनवादक पिझेंडेल याच्या सहवासांत ऐकून व निरखून उचललें. गुरूपाशीं जें मिळालें नाहीं त्याबद्दल तक्रार न करितां तें दुसऱ्या वाद्याच्या जाणत्यापासून घेणें, हा गुण विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

या वाद्याची अडचण कोठें आहे, हेंहि थोडेंसें सांगितलें पाहिजे. ओबोस किंवा सनईस पाती असते. अलगुजाच्या तोंडांतील फट वाऱ्यास आपोआप योग्य जागीं नेते. आडव्या बांसरीस असा कोणताहि आधार नाहीं. दोन ओंठांच्या फटींतून निघालेली वाऱ्याची बारीक धार मुखरंध्राच्या पलीकडील कांठावर नेमकी आदळली पाहिजे. तेव्हांच नळींतील हवा कंप पावूं लागते व सूर उत्पन्न होतो. धार रुंद झाली तर वारा वायां जातो, नवशिक्याचें डोकें गरगरतें तें त्यामुळेंच. धार थोडी वर गेली किंवा खालीं आली तर सूर मूक होतो, नाहीं तर बेसूर होतो. म्हणजे या वाद्याचा निम्मा भाग लांकडाचा व निम्मा वाजविणाऱ्याच्या ओंठांचा असतो; आणि तो दुसरा भाग बाजारांत विकत मिळत नाहीं. क्वांट्सच्या काळची बांसरी लांकडी असून तिला बोटांचीं सहा भोंकें व एकच चावी असे. मधले कित्येक सूर बोटांच्या वांकड्यातिकड्या बैठकीनें काढावे लागत, व ते ओंठांनीं सांवरून शुद्ध करावे लागत.

त्या वेळीं या वाद्यासाठीं मुद्दाम केलेल्या रचनाहि फार थोड्या होत्या. ओबोच्या किंवा व्हायोलिनच्या चिजा बांसरीवर बसवून घ्याव्या लागत. ही उणीव भरून काढण्यासाठीं क्वांट्स स्वतःच रचना करूं लागला. इ. स. १७२४ मध्यें त्यास इटलीस जाण्याची संधि मिळाली. रोम येथें गास्पारीनी या वृद्ध पंडितापाशीं त्यानें स्वररचनेचा पुन्हां कसून अभ्यास केला. नेपल्स येथें एक प्रसंग घडला. तेथील थोर रचनाकार आलेस्सांद्रो स्कार्लात्ती यास फुंकून वाजविण्याच्या वाद्यांचा मनस्वी तिटकारा असे, कारण तीं कधीं सुरांत वाजतच नाहींत असा त्याचा अनुभव होता. हासे नांवाच्या त्याच्या शिष्यानें भीड घालून क्वांट्सला त्याच्यापुढें नेलें. क्वांट्सचें वादन ऐकून वृद्ध आचार्याचें मत पालटलें, व त्यानें क्वांट्ससाठीं बांसरीच्या कांहीं चिजाहि रचून दिल्या. वाद्यास दोष देणारे जगांत पुष्कळ असतात. तो दोष वाजविणाऱ्याचा आहे हें बोलून दाखविण्यापेक्षां वाजवून दाखविणें अधिक परिणामकारक होतें.

इटलींतून तो पॅरिसला गेला. तेथें इ. स. १७२६ मध्यें त्यानें आपल्या बांसरीस दुसरी चावी बसवून घेतली. पेटीवर ज्यांना एकच पट्टी असते, पण सूक्ष्म कानास ज्यांत अंतर जाणवतें, अशा दोन सुरांस वेगळें करण्यासाठीं ही खटपट होती. इ. स. १७२७ मध्यें लंडन येथें हेंडेल या महान् रचनाकाराची गांठ पडली. त्यानें क्वांट्सला इंग्लंडांतच राहण्याचा आग्रह केला. परंतु ज्या राजानें प्रवासास परवानगी दिली त्याचे आपण बांधलेले आहों, या जाणिवेनें तो ड्रेस्डेनला परत आला.

आतां त्याच्या आयुष्यांतील अत्यंत नाजूक प्रकरण येतें. इ. स. १७२८ मध्यें राजा ऑगस्टस बर्लिनला पाहुणा म्हणून गेला, तेव्हां क्वांट्सहि बरोबर होता. त्याचें वादन ऐकून प्रशियाचा सोळा वर्षांचा युवराज फ्रेडरिक याला बांसरी शिकण्याचा ध्यास लागला. ऑगस्टसनें क्वांट्सला प्रशियाच्या चाकरींत जाऊं दिलें नाहीं; मात्र वर्षांतून दोनदां युवराजास शिकविण्याकरितां जाण्याची मोकळीक दिली. युवराजाचा बाप फ्रेडरिक विल्यम हा कडक लष्करी वृत्तीचा राजा होता. बांसरी, काव्य, फ्रेंच पोशाख हीं सर्व त्याला बायकी थेरें वाटत. त्यामुळें शिकवणी चोरून चाले. एके दिवशीं लष्करी कोट काढून, जरीचा झगा घालून युवराज धडा घेत असतां राजा येत असल्याची वर्दी आली. युवराजाचा मित्र काट्टे यानें क्वांट्सला व बांसऱ्यांना उचलून शेगडी पेटविण्याच्या अरुंद कोठडींत दडविलें. राजा बराच वेळ खोलींत होता. त्यानें झगे आगींत टाकविले. आणि राजास ज्या लाल रंगाचा तिटकारा होता त्याच रंगाचा कोट अंगांत असलेला आपला गुरु भिंतीआड श्वास रोधून उभा राहिला, अशी हकीकत सांगतात.

या बापलेकांच्या तेढीचा शेवट मात्र हसण्यासारखा झाला नाहीं. इ. स. १७३० मध्यें फ्रेडरिकनें देश सोडून पळून जाण्याचा प्रयत्न केला व तो उघडकीस आला. युवराजास क्यूस्ट्रिनच्या किल्ल्यांत कैदेंत ठेवण्यांत आलें, आणि ता. ६ नोव्हेंबर १७३० रोजीं त्याच किल्ल्यांत काट्टेचा शिरच्छेद झाला. बांसरीसाठीं हा रक्तपात झाला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या घरांत मुलाच्या आवडीस चोरून जगावें लागतें तेथें केवढा अनर्थ ओढवूं शकतो, हें यावरून दिसतें. पुढें बापाशीं वरवर समेट झाल्यावर फ्रेडरिकनें बांसरी पुन्हां हातीं घेतली, आणि क्वांट्सच्या फेऱ्या पूर्ववत् सुरू झाल्या.

इ. स. १७४० मध्यें फ्रेडरिक प्रशियाच्या गादीवर बसला. इतिहासांत त्यास फ्रेडरिक द ग्रेट म्हणतात. दुसऱ्याच वर्षीं त्यानें आपल्या गुरूस बर्लिनला कायमचें आणलें. सालीना दोन हजार थालर तहहयात वेतन. प्रत्येक नव्या रचनेस वेगळें पारितोषिक. क्वांट्सनें घडवून दिलेल्या प्रत्येक बांसरीस शंभर मोहरा. आणि राजावांचून कोणाचाहि हुकूम मानण्याची गरज नाहीं, अशा त्या चाकरीच्या अटी होत्या. इ. स. १७३९ पासून क्वांट्स स्वतः बांसऱ्या कोरूं व जुळवूं लागला होता. ऐरण सोडून गेलेला लोहाराचा मुलगा शेवटीं पुन्हां कारागीर झाला, हा योग पाहून आम्हांस कौतुक वाटतें.

पोट्सडाम येथील राजवाड्यांत सायंकाळीं मैफल भरे. राजा स्वतः बांसरी घेऊन उभा राही. थोर रचनाकार योहान सेबास्टियन बाख याचा पुत्र कार्ल फिलिप एमानुएल पेटीवर साथीस असे. मंडळींत राजाच्या वादनास शाबास म्हणण्याचा अधिकार एका क्वांट्सलाच होता. ज्या राजाच्या सैन्यापुढें युरोप कांपत होता, तो एका लोहाराच्या मुलाच्या तोंडून एक शब्द निघतो कीं नाहीं याकडे कान लावून असे. विद्येच्या दरबारांत आसनांचा क्रम असा उलटा लागतो.

इ. स. १७५२ मध्यें क्वांट्सनें आडव्या बांसरीच्या वादनाची शिकवण देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ जर्मन व फ्रेंच या दोन भाषांत एकाच वेळीं छापून राजास अर्पण केला. त्यांत अठरा प्रकरणें असून नवशिक्याचा हात धरून त्यास पायरीपायरीनें वर नेलेलें आहे. प्रथम बांसरी धरावी कशी; मग बोटें, मग ओंठ, मग जीभ, मग श्वास. जिभेसाठीं त्यानें अक्षरें योजिलीं आहेत. चपळ, तुटक सुरांस ‘ति’. संथ, लांबत्या सुरांस ‘दि’. अतिशय जलद तानेस जीभ दुहेरी हलविणारें तिसरें अक्षर. श्वास कोठें घ्यावा याविषयीं त्याचा कटाक्ष असा कीं, वाक्य मध्येंच तोडून जसें आपण बोलत नाहीं, तसा सुरांचा अर्थ तोडून श्वास घेऊं नये. बोटें फार उंच उचलूं नयेत व सर्व सारखीं उचलावीं. लय मोजण्यास निरोगी माणसाची नाडी हें माप धरावें. ती मिनिटास सुमारें ऐंशी ठोके पडते असें त्यानें धरलें आहे. घटिकायंत्र जवळ नसलेल्या विद्यार्थ्यासहि हें माप मनगटावर सदैव तयार असतें.

नवशिक्यानें एकट्यानें अभ्यास कसा करावा याला तर त्यानें एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. लहान व सोपे तुकडे निरनिराळ्या स्वरमेळांत आधीं सावकाश बसवावे, मग लय वाढवावी. अवघड चिजांच्या मागें अकालीं लागूं नये, असा त्याचा उपदेश आहे. आरंभीं कसलाहि स्वस्त शिक्षक चालेल ही समजूतहि त्यानें खोडून काढली आहे, कारण चुकीची लागलेली संवय मोडण्यास नवीन विद्येपेक्षां अधिक काळ लागतो. ग्रंथाचा मोठा भाग बांसरीपुरता नसून सर्व वाद्यांच्या साथीस, अलंकारांस व रसिकांच्या परीक्षणशक्तीस वाहिलेला आहे; म्हणूनच त्या काळचें संगीत जाणूं इच्छिणारे त्याकडे आजहि वळतात.

त्याच्या गुणांबरोबर उणीवहि सांगितली पाहिजे. त्यानें बांसरीच्या सुमारें तीनशें मोठ्या वृंदरचना केल्या व राजा जवळजवळ त्याच आलटून पालटून वाजवी. बाहेर संगीताची रुचि पालटत होती. पोट्सडामच्या महालांत मात्र जुनेंच चालू होतें. इ. स. १७७२ मध्यें चार्ल्स बर्नी या इंग्रज लेखकानें तेथील मैफल ऐकली. राजाचें वादन त्यास उत्कृष्ट वाटलें; पण राजाचा दम आतां पूर्वीचा राहिला नव्हता, व कांहीं ताना पुऱ्या होण्याआधींच नियम मोडून त्यास श्वास घ्यावा लागत होता, हेंहि त्यानें नमूद केलें आहे. पंचाहत्तर वर्षांचा गुरु त्या वेळीं बाजूस उभा राहून हातानें लय दाखवीत होता.

ता. १२ जुलै १७७३ रोजीं क्वांट्स पोट्सडाम येथें मरण पावला. त्याच्या हातची शेवटची वृंदरचना अपुरी राहिली होती. तिचा अखेरचा भाग राजानें स्वतः रचून पुरा केला, व गुरूच्या समाधीवर स्मारक उभारलें. कोठडींत दडून ज्यानें शिकविलें, त्याचें अपुरें राहिलेलें काम पुरें करून शिष्यानें ऋण फेडलें. याहून थोर गुरुदक्षिणा आमच्या ऐकिवांत नाहीं.

क्वांट्सच्या काळची लांकडी बांसरी पुढें मागें पडली. इ. स. १८४७ मध्यें थिओबाल्ड बोम यानें धातूची नवीन धर्तीची बांसरी सिद्ध केली, व पाश्चात्य वृंदांत तीच रूढ झाली. परंतु वाद्य पालटलें तरी ओंठ, श्वास, जीभ व बोटें हीं पालटलीं नाहींत. क्वांट्सच्या ग्रंथाचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर इ. स. १९६६ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि जुन्या धर्तीच्या बांसऱ्या पुन्हां घडवून वाजविणारे आजचे कलावंत त्याचाच आधार घेतात.

विद्यार्थिमित्रहो, कोनाड्यांतली ती बांसरी खालीं काढण्यास अजून उशीर झालेला नाहीं. पहिल्या आठवड्यांत ती बोलणार नाहीं, हें आधींच मनाशीं ठरवून ठेवा. राजाची नोकरी हातीं असतां बाविसाव्या वर्षीं जो नवशिका झाला, त्याच्याहि पहिल्या फुंकरीस नुसता वाराच निघाला असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. रोज थोडा वेळ, एकच सूर, सावकाश व कान उघडे ठेवून, एवढें साधलें म्हणजे पुढचें वाद्य आपण होऊन सांगतें.